खिळ्यावरचा ॲप्रन

कॉलेजसमोरच्या मेडिकलमध्ये खिळ्याला एक पांढरा ॲप्रन टांगलेला असतो. कडक इस्त्रीचा, खिशावर आमच्याच कॉलेजातून पास झालेल्या नितीनदादाच्या नावाची पट्टी. दुकानाचा फार्मासिस्ट कागदोपत्री तो. स्वतः मात्र शहरात एमबीए करतो. औषध खात्याचा इन्स्पेक्टर येणार असला की दादाला फोन जातो.

आता आमचं कॉलेजही बी.फार्म. करता करताच एमबीए देतंय. प्रवेशाची उद्या शेवटची मुदत. "हजेरीचं आम्ही बघू," असं सर हसून म्हणाले, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. हजेरीचं तुम्ही बघणार, मग शिकायचं कोणी? आणि एवढी घाई कोणाच्या भल्यासाठी?

संध्याकाळी मी त्या मेडिकलच्या काउंटरपाशी उभी होते. पंख्याच्या वाऱ्याने ॲप्रन हलत होता, आत कोणी असल्यासारखा. एकाच वेळी दोन ठिकाणी असणारा माणूस यातल्या कुठल्या ठिकाणी खरा असतो?

शेजारी उभ्या असलेल्या मावशींनी विचारलं, "ही गुडघ्याची गोळी बीपीच्या गोळीबरोबर चालते का हो?"

काउंटरवरचे काका मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाले, "चालतंय की. घ्या बिनधास्त."

"थांबा मावशी," मी तावातावाने म्हणाले. "मी फार्मसीला आहे, तिसऱ्या वर्षाला."

"बरं झालं बाई, मग तूच सांग."

काकांनीही आता मान वर केली. मी गोळ्यांचं पाकीट उलटंसुलटं केलं. काहीतरी धोका आहे एवढं आठवत होतं. नेमका कोणता, ते आठवेना.

"आधी डॉक्टरांना विचारा," मी पुटपुटले. मावशी माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या.

एमबीए राहू दे. त्यांना हवं असलेलं उत्तर पहिल्याच पदवीतलं होतं.