राजीचं 'हो'

सांगलीतल्या एका शाळेच्या मुख्याध्यापिकेनं माझ्या मुलीला फसवलं. राजीनं 'हो' म्हटलं होतं, कागदावर 'नाही' लिहिलं गेलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण शैलाताईंबद्दल लिहायला बसलो की राग पुढं येतो आणि ताई मागं राहतात.

शैलाताई लहान मुलांना बोलायला शिकवायच्या. त्यांची एक सवय होती. मुलाला प्रश्न विचारला की दोन्ही हात मांडीवर ठेवायच्या आणि एकेक बोट मिटत जायच्या. दहाही बोटं मिटेपर्यंत त्यांच्या तोंडून शब्द निघायचा नाही, आणि दुसऱ्या कुणाचा निघू द्यायच्या नाहीत.

राजी तीन वर्षांची असताना आम्ही तिला तासगावहून सांगलीला त्यांच्याकडं पहिल्यांदा नेलं. तिला सेरेब्रल पाल्सी आहे. जन्माच्या वेळी मेंदूला इजा झाली. हात, पाय, मान, जीभ, सगळं तिच्या मनाविरुद्ध ओढ घेतं. ताई खाली सतरंजीवर बसल्या, तोंड राजीच्या तोंडासमोर आणलं.

"राजी, पाणी हवंय?"

"पायजे तिला," मी म्हणालो.

"तुमचं नाव राजी का?"

"न्हाई."

"मग गप बसा की."

मी बेदाण्याचा व्यापारी. शेडवर बेदाणा निवडत निवडत वर आलेला माणूस. तासगावच्या बाजारात मला गप बसवणारा तोवर कुणी भेटला नव्हता. मी उठलोच. बायकोनं, सुनंदानं, सदरा ओढून खाली बसवलं. "आवं, बसा. त्यांची बोटं बघा."

नववं बोट मिटलं आणि राजीचे डोळे वर गेले, थेट छताकडं. ताईंनी तिची हनुवटी जराशी खाली धरून वाटीनं घोट घोट पाणी पाजलं.

"हे तिचं हो. मघाशी बाहेर बाहुली दाखवली तेव्हाही असंच केलं तिनं. नको असलं की डोळे मिटते. मी शिकवलेलं नाही, तिचं तिनं शोधलंय. तिची उत्तरं तीन वर्षं तुम्ही खाताय, शेठ."

"ती बोलणार कवा, तेवढं सांगा."

"तोंडानं? काही शब्द येतील, कदाचित येणारही नाहीत. खोटं सांगणार नाही. पण बोलायला तर लागलीच आहे."

"बिनतोंडाचं कसलं बोलणं?"

ताईंनी उलट मलाच विचारलं, मी धंदा शिकलो तेव्हा सौदा कसा व्हायचा. मी म्हणालो, रुमालाखाली. दोघांचे हात रुमालाखाली, बोटं दाबून भाव सांगायचा, बोटं दाबूनच नाकारायचा. तोंडातून चकार शब्द नाही.

"म्हणजे तोंड न उघडता तुमचं घर उभं राहिलं," ताई म्हणाल्या. "मग पोरीलाच तोंडाची सक्ती का?"

या बाईशी घासाघीस करण्यात अर्थ नाही, हे मला तिथंच कळलं.

पुढची तीन वर्षं आठवड्यातून दोनदा आमची एसटी ठरलेली. ताईंनी पहिल्यांदा बोलण्याचं नाव न काढता सुताराला गाठायला लावलं. राजीच्या मापाची, पाय टेकतील अशी खुर्ची करून घेतली. "आधी बूड नीट टेकू दे. सगळी ताकद पडू नये म्हणून खर्च झाली तर बोलायला काय उरणार?" मग चित्रांचा फळा आला. राजी नजरेनं चित्र दाखवायची, ताई त्याचं नाव घ्यायच्या. साडेचार वर्षांची असताना तिनं आवाजात 'मा' म्हटलं. सुनंदा पदर तोंडाला लावून रडली. ताई म्हणाल्या, "रडा नंतर. आधी तिला ओ द्या. तिनं हाक मारलीय."

एकच अडचण होती. आपल्याकडं मान वर झटकून 'च्यक्' केलं की ते नाही असतं. राजी वर बघताना तिची मानही उडते, त्यामुळं परक्या माणसाला तिचं हो हमखास नाही वाटतं. मी म्हणालो, "ताई, खूण बदलून टाकू."

"तिनं एवढ्या कष्टानं कमावलंय ते. लोकांनी शिकावं."

म्हणून सहाव्या वर्षी राजीला शाळेत घालायचं ठरलं तेव्हा शाळेसाठी त्यांनी पत्र लिहून दिलं. पहिलीच ओळ ठळक अक्षरात होती: 'वर पाहणे म्हणजे हो. उत्तरासाठी दहापर्यंत थांबावे.' प्रवेशाला गेलो त्या दिवशी ताई सातारला प्रशिक्षणाला गेल्या होत्या. पत्र मी स्वतः मुख्याध्यापिकेच्या हातात दिलं. त्यांनी पहिली ओळ वाचली, मान डोलावली आणि पत्रावर पेपरवेट ठेवला.

"काय गं बाळ, येणार आमच्या शाळेत?"

मी टेबलाखाली बोटं मिटायला लागलो. चारवर बाई म्हणाल्या, "हिला काही कळत नाही वाटतं." मी पाचवं बोट मिटलं. नऊवर राजीचे डोळे वर गेले. मान उडाली.

बाई हसल्या. "बघा! नाहीच म्हणतेय."

"बाई, ते व्हय हाय. आत्ता वाचलंत की कागदावर."

"बरं, बरं." त्यांनी पोपटाचं चित्र समोर धरलं. "हा कावळा आहे का?"

पुन्हा बोटं. पाच, सहा. सातवर त्यांनी लिहायला पेन उचललं आणि माझा हात टेबलावर आदळला. पाण्याचा पेला उलटला. राजीला मोठा आवाज सोसत नाही. तिचं सगळं अंग ताठ झालं, डोळे गच्च मिटले. ते 'कावळा नाही' असं बरोबर उत्तर होतं की नुसतं दचकणं, मला आजही सांगता येत नाही.

बाईंनी दोन ओळी लिहिल्या. 'मूल प्रतिसाद देत नाही. शाळेत येण्याची इच्छा दिसत नाही.' खाली सही.

ताई परत आल्यावर मी तावातावानं सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं.

"टेबल कितीवर आपटलंत?"

"सातवर."

"तिला नऊ लागतात. एक उत्तर त्यांनी खाल्लं. दुसरं तुम्ही."

त्यानंतर थोड्याच महिन्यांत ताई आजारी पडल्या आणि रहिमतपूरला माहेरी जाऊन राहिल्या. आम्ही भेटायला गेलो तेव्हा अंथरुणावर उठून बसायलाही त्यांना आधार लागत होता. राजीची खुर्ची त्यांनी कॉटजवळ ओढायला लावली.

"राजी, अजून जायचंय शाळेत?"

चादरीवर बोटं मिटत गेली. शेवटची दोन मिटायला त्यांना वेळ लागला, आणि खोलीत कुणी हललं नाही. राजीचे डोळे वर गेले.

"ऐकलंत ना शेठ? मग आता आरडाओरडा नाही. प्रश्न नीट लिहून विचारा आणि उत्तर येईपर्यंत हलू नका."

त्याच महिन्यात ताई गेल्या. मी शाळेला अर्ज दिला, पुन्हा दिला. पोच मिळाली, उत्तर नाही.

तेव्हा मुख्याध्यापिकाबाई, इथंच विचारतो. दोन्ही ओळी तुमच्या सहीच्या आहेत. मूल प्रतिसादच देत नसेल, तर तिची इच्छा नाही हे तुम्हाला कुणी सांगितलं? तिनं काहीतरी सांगितलं हे तुम्हाला दिसलं होतं, तुम्ही हसलाही होता. ताईंची ओळ पेपरवेटखाली होती. मग माझ्या मुलीचं 'हो' तुम्ही 'नाही' म्हणून का लिहिलंत?

राजी माझ्या शेजारी खुर्चीत बसली आहे, पाय टेकून. दोन्ही हात मी मांडीवर ठेवले आहेत. या वेळी टेबल आपटणार नाही. दहा बोटं कमी पडली तर पुन्हा पहिल्यापासून मिटीन. उत्तर द्या.