आंडोर आणि आंडेर

पहिले भाषण मीच लिहून दिले होते, हे आधी कबूल करतो. नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. उमेदवार गुजराती; त्याला अहिराणीचा गंध नव्हता आणि डिंडोलीतली मते खानदेशी कामगारांची होती. मी तिथल्या मराठी शाळेत शिक्षक. घरी अहिराणी बोलणारा. शाळा चौथीला संपे. पुढचे वर्ग जवळ नव्हते, म्हणून मुली घरी बसत आणि आयांबरोबर साड्यांचे धागे कापत. सातवीपर्यंतचे वर्ग आणीन, असा शब्द त्याने दिला. त्याला वाचता यावी म्हणून मी गुजराती लिपीत अहिराणी लिहिली. पहिलेच वाक्य : ‘मी तुमना आंडोर शे.’ मी तुमचा मुलगा आहे. तेवढ्यावर तो निवडून आला.

पाच वर्षे मी त्याच्या कचेरीत जात राहिलो. “थई जशे, मास्तर,” तो म्हणे. होईल. वर्ग आले नाहीत. दरवर्षी चौथी संपवून मुली धाग्यांपाशी बसत राहिल्या. लोकानुनय म्हणजे काय, हे मला पुस्तकात शोधावे लागले नाही. लोकांची भाषा उचलायची, त्या भाषेत त्यांच्याशी नाते लावायचे; एकदा नाते लागले की माणसे जाब विचारायला संकोचतात. ही युक्ती त्याच्या हाती मीच दिली होती.

पुढच्या निवडणुकीला तो पुन्हा आला. “मास्तर, पेलं जूनुंच लखी आपो ने. लोकांना लई गमलं होतं.”

मी जुनेच लिहून दिले. फक्त ‘तुमना’चे ‘तुमनी’ केले आणि ‘आंडोर’चे ‘आंडेर’. आंडेर म्हणजे मुलगी.

सभेत मी पुढच्या रांगेत बसलो. हात जोडून तो म्हणाला, “मी तुमनी आंडेर शे.”

बायकांमधून एक म्हातारी म्हणाली, “मंग धागा कापाले कव्हय येशी, माय?”

सभा हसत सुटली. लोक खूश झाले असे समजून त्याने ते वाक्य पुन्हा म्हटले.

दुसऱ्या दिवशी त्याने मला बोलावले. “मास्तर, लिहिण्यात भूल झाली का?”

“नाही,” मी म्हणालो. “माझं शुद्धलेखन पक्कं आहे.”

निवडणूक तो तरीही जिंकला. महिन्याभरात माझी कतारगामला बदली झाली. पण डिंडोलीत त्याचे खरे नाव मागे पडले. त्याची गाडी गल्लीत शिरली की दारातल्या बायका एकमेकींना सांगत, “आंडेर उनी.” मुलगी आली.

त्याने वर्ग आणले असते, तर ते नाव पुसायला मी दारोदार गेलो असतो. त्याने आणले नाहीत. मी गेलो नाही.