वरचं पाणी

"काहून पादरीबुवा, तुमचा देव खाली येत न्हाई का?"

देशमुख काठावर उभा होता. हातात निंबाची काडी. दात घासता घासता त्यानं विचारलं, थुंकला आणि हसला. आम्ही पाण्यात होतो. पुढं कमरेइतक्या पाण्यात पाळकसाहेब, त्यांच्या मागं माझा बा आणि बाच्या मागं मी. अंगावर धुऊन धुऊन पांढरं केलेलं लुगडं. आम्ही बाप्तिस्मा घ्यायला आलो होतो. त्या पाण्यात एकदा बुडून वर आलं की जुना माणूस मेला आणि नवा जन्मला, असं पाळकसाहेबांनी आम्हांला वर्षभर शिकवलं होतं.

आमचं गाव सेनगावच्या अलीकडं. तेव्हा निजामाची मोगलाई होती. नदी लहान, पण तिच्यात गाव अख्खं मांडलेलं. सगळ्यांत वर डोह, तो देशमुखाचा आणि गावातल्या बड्या घरांचा. पिण्याचं पाणी तिथलं. त्याच्या खाली परटाचे दगड. त्याच्या खाली म्हशी बसायच्या. म्हशींच्याही खाली आम्ही. सगळ्या गावाचं झालं की उरलेलं पाणी आमच्याकडं यायचं. पाळकसाहेब नगरकडचे. त्यांना खोल पाणी हवं होतं म्हणून ते सरळ डोहात उतरले. बा कचरला होता. ते म्हणाले, "घाबरू नका. आज तुम्ही देवाची लेकरं होणार." मी नाही कचरले. उलट मला हेच हवं होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्या पाण्यात माझे पाय होते आणि पायाची बोटं मला तळाशी स्वच्छ दिसत होती.

देशमुखाच्या हसण्यावर पाळकसाहेबांनी काय केलं? पाण्यातून बाहेर आले. कोट चढवला. म्हणाले, "देव सगळीकडं आहे. पाणी सगळं एकच. चला, आपण खाली जाऊ."

मी विचारलं, "पानी एकच हाय, तर मंग हितं काहून न्हाई?"

"वाद नको, पोरी. नम्रता शीक."

आम्ही खाली गेलो. आधी साहेब, मग बा, मग मी. परटाचे दगड मागं पडले. म्हशी बसल्या होत्या त्याही मागं पडल्या. आमच्या जागी पाणी नडगीभर. तिथं माणूस बुडणार कसा? साहेबांनी बाला चिखलात आडवं केलं आणि छातीवर हात ठेवून दाबलं. बा वर आला तेव्हा त्याच्या केसांत शेण अडकलं होतं. साहेबांनी ते स्वतःच्या बोटांनी काढलं आणि बोटं रुमालाला पुसली. बा हसत होता. त्याला खराच आनंद झाला होता. ते मला देशमुखाच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

"ये, पोरी," साहेब म्हणाले.

"म्या न्हाई येत."

बाचं हसू गेलं. "काहून गं बाई?"

"वरच्या पान्यात येईन. तवाच येईन."

साहेब म्हणाले, हा गर्व आहे. असेल. शेणाच्या पाण्यात ज्याला नवा जन्म दिसतो त्यानं तो घ्यावा. माझ्या आईनं मला पहिला जन्म दिला तो याहून स्वच्छ जागी.

तुम्ही म्हणाल, मग सोडून द्यायचं होतं ते सगळं. तिथंच तर घोडं पेंड खात होतं. मला देव हवा होता. हे कुणाला खरं वाटत नाही. गाव म्हणायचं, हे लोक मिशनच्या ज्वारीसाठी गेले. ज्वारी आली तशी संपलीही. मी जात राहिले. दर रविवारी पहाटे उठून हिंगोलीची वाट धरायची. उन्हाळ्यात वाट तापायची, पावसात काळी माती पायाला ढेकळाएवढी चिकटायची. तिथं मिशनच्या देवळात साहेब सांगायचे, "हे जग म्हणजे धर्मशाळा. आपण सगळे वाटसरू. आपलं खरं घर देवापाशी." बाकीचे माना डोलवायचे. मला आधी ते कळलंच नाही. हिंगोलीच्या धर्मशाळेच्या ओट्यावर आम्हांला कुणी कधी टेकू दिलं नव्हतं. वाटसरू म्हणजे काय ते मात्र माझ्या टाचांना माहीत होतं.

प्रभुभोजनाचा, भाकर मोडायचा रविवार आला की ताट माझ्यापुढून पुढं सरकायचं. बाप्तिस्मा नाही, तर घास नाही. पहिल्या रांगेत सतरंजी होती, तिच्यावर वरच्या जातीतून आलेली दोन घरं बसायची. आम्ही मागं, फरशीवर. पळसाला पानं तीनच. मी भिंतीला टेकून ताट जाताना बघायची. घरी येतानाच्या वाटेवर मी देवाशी भांडायची. तू खाली येतोस, मग मला वर का नेत नाहीस? तुझ्याकडं येणारी वाटसुद्धा म्हशींच्या खालून जाते का? पुढच्या रविवारी मी पुन्हा निघायची.

लग्न राहिलं. ख्रिस्ती मंडळीतले म्हणायचे, ही अजून आपली नाही. आधीचे सोयरे म्हणायचे, ही आता आपली नाही. मी मिशनच्या शाळेत लेकरांना बाराखडी शिकवत राहिले.

मग बा आजारी पडला. तापानं हाडं वर आली होती. मी उशाशी बसले होते. तो म्हणाला, "पानी कंचं बी असू दे, बाई. तू बाप्तिस्मा घे. मला तिथं एकट्याला करमनार न्हाई."

एक हो म्हटलं असतं तर म्हातारा सुखानं गेला असता. मी त्याचा हात धरून बसले. तो गेला तरी धरूनच होते. साहेबांनी कबरीवर सांगितलं, वाटसरू घरी पोचला. मी मनात म्हटलं, बा, तू दारात थांब. मी येते. पण माझ्या वाटेनं येते.

नंतर रझाकारांचे दिवस आले. देशमुखानं गाड्या जुंपल्या, बायकापोरं घातली आणि कनेरगावचा सरहद्दीचा नाका ओलांडून वाशीमकडं पळाला. बडी घरं गेली. आम्ही कुठं पळणार? आम्हांला घेणारं पलीकडं कोण होतं? गाव ओस पडलं. डोहावर चिटपाखरू नाही. तेव्हा एके दिवशी पाळकसाहेब स्वतः चालत आले. केस पिकले होते. घाम पुसत म्हणाले, "बाई, चल. आता कुणी आडवं नाही. तुझं वरचं पाणी मोकळं आहे. तुझ्या बाची इच्छा पुरी कर."

मी त्यांच्याबरोबर डोहापर्यंत गेले. पाणी तसंच होतं, तळ दिसणारं. मला उतरायचं होतं. खोटं कशाला बोलू, इतकं उतरायचं होतं की मी लुगडं वर खोचलंही होतं. बाचा आवाज कानात होता. एक पाऊल टाकायचं, बस्स.

मी म्हटलं, "न्हाई, साहेब."

"आता काय राहिलं?"

"कुनी बघत नसताना वरचं पानी आमी पिढ्यान्‌पिढ्या घेतलं. अंधारात घागर बुडवायची आन्‌ पळायचं. देवाकडं बी तसंच जाऊ का म्या, चोरून?"

साहेब काठावर खाली बसले. मला तेव्हा आठवलं, ते जन्मानं आमच्यातलेच. त्यांच्याही गावात कुठंतरी असं खालचं पाणी असणार. ते उठले आणि हिंगोलीच्या वाटेला लागले.

या भाद्रपदात निजाम पडला. देशमुख परत आला. गाडीवर झेंडा, गळ्यात हार. चावडीवर उभा राहून म्हणाला, "आता राज्य आपलं हाय. आता सगळे बराबर." आम्ही लांब उभं राहून ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी डोहाच्या काठावर त्याचा गडी काठी घेऊन बसलेला होता.

मी हिंगोलीला गेले. साहेबांना म्हटलं, "आता."

ते म्हणाले, "आत्ताच कुठं निवळतंय, बाई. थोडं थांब."

"लई थांबले, साहेब. देशमुख पळाला तवा तुमी मला उतर म्हनत होते. तो आला तर थांब म्हनता. आपला देव त्याला इचारून येतो का?"

त्यांनी मान खाली घातली. "या रविवारी सकाळी म्या डोहात उतरनार," मी म्हटलं आणि घरची वाट धरली.

उद्या रविवार आहे. लुगडं धुऊन वाळत घातलंय. उद्या मी हिंगोलीची वाट धरणार नाही. सकाळी बड्या घरच्या बाया घागरी घेऊन येतात, देशमुख काडी चावत काठावर येतो, त्या वेळी मी त्यांच्या देखत डोहात उतरणार, कमरेइतक्या पाण्यात. गड्याची काठी पडली तर पाठीवर घेईन, पण पाय मागं येणार नाही. साहेब आले तर माझ्या डोक्यावर हात ठेवून देवाचं नाव घेतील. नाही आले तर मी उभी राहीन. मला ओढून बाहेर काढलं, तर त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा तिथंच उभी राहीन.

म्हशींच्या खालच्या पाण्यात मी उतरणार नाही. देवासाठीसुद्धा नाही.