विषय देणाऱ्याचं नाव

माझा स्वभाव तापट. ही कबुली नाही, नुसतं सांगून ठेवते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. उल्हासनगरला एका सिंधी शेठच्या कारखान्यात मी गाऊन शिवायची. डोकं फिरलं की मशीन अशी दामटायची की सुईच तुटायची. मग शेठ आतून ओरडायचा, "अरे बाई, गुस्सा घर पे छोड़ के आओ, सुई मेरी जाती है!"

घर अंबरनाथला, चाळीतल्या दोन खोल्या. मी सतरा वर्षांची असताना आई गेली. मागे राहिलो वडील, मी आणि माझ्याहून सात वर्षांनी लहान बहीण. वडील कंपनीत पाळीला जायचे, त्यामुळे तिला मीच वाढवलं. तिच्या वेण्या मी घातल्या, तिचा अभ्यास मी घेतला. आणि तिला फिट यायची तेव्हा कुशीवर वळवून, डोक्याखाली हात धरून मीच बसायची. वर्षातून दोनदा, फार तर तीनदा. बाहेर कुणाला पत्ता नव्हता. दार लावून घ्यायचं आणि रेडिओ मोठा करायचा. शेजाऱ्यांना वाटायचं, ह्यांना गाण्यांचा भारी नाद.

आमची ख्रिस्ती मंडळी लहान. अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर मिळून मोजकीच घरं. दर बुधवारी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी प्रार्थना असायची आणि त्याआधी विषय द्यायचे. ज्याला जे दुखत असेल तो ते हळूच मावशींच्या कानात सांगायचा, मग मावशी ते प्रार्थनेत मांडायच्या. 'एका बहिणीचा नवरा पितो.' 'एका भावाला कामावरून बसवलंय.' नेम असा, की विषय बोलायचा, नाव घ्यायचं नाही. आणि विषय दिला कुणी, हे तर जीव गेला तरी सांगायचं नाही. एवढ्याशा मंडळीत कुणाचा नवरा पितो हे कुणाला ठाऊक नसणार! पण सगळे डोळे मिटून, न कळल्यासारखे आमेन म्हणायचे.

मावशी नात्यातल्या नव्हेत, साऱ्या मंडळीच्या. बदलापूरला, बेलवलीत एका खोलीत एकट्याच राहायच्या. दवाखान्यात आया म्हणून उभा जन्म काढलेला. आई गेली त्या दिवशी मला पोटाशी धरून त्याच बसल्या होत्या. मोठ्यानं प्रार्थना करायच्या. मावशींनी बेलवलीत प्रार्थनेला डोळे मिटले की पार जांभूळ गावापर्यंत ऐकू जातं, असं आम्ही पोरी चिडवायचो. आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन असलं की बायकांच्या बाजूनं ताट फिरवायचा मानही त्यांचाच. भाकरीचे बारीक तुकडे आणि काळ्या मनुकांच्या रसानं भरलेले अंगठ्याएवढे काचेचे पेले. डोक्यावर पदर घेऊन, ताटावरची नजर न हलवता त्या चालायच्या, तेव्हा लहान पोरंही चुळबूळ थांबवायची.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं तेव्हा बहिणीचं लग्न ठरलं. वडील तोवर वारले होते. मुलगा बेलवलीचा, आमच्याच मंडळीतला, सरळ, नोकरीवाला. मला आभाळ ठेंगणं झालं. आई असती तर तिनं जे केलं असतं ते मी करून दाखवलं होतं. फिटचं सांगायचं नाही, हेही मीच ठरवलं. लग्न झाल्यावर सांगू, मूल झालं की सांगू.

बहीण म्हणायची, "ताई, त्याला सांगूया ना गं."

मी डाफरायची, "तू गप्प बस. घरी बसून राहायचंय का जन्मभर?"

पण पोटात राहीना. शेवटी एका दुपारी मावशींकडे जाऊन मी सगळं बोलले. "फक्त तुमच्यापाशी बोलतेय मावशी. विषय म्हणूनसुद्धा नाही."

त्यांनी माझा हात हातात घेतला. मग म्हणाल्या, "पोरी, त्या लेकराला कळायला नको का?"

"तुम्ही प्रार्थना करा. बाकी माझं मी बघते."

पंधरा दिवसांनी बुधवारची प्रार्थना नेमकी मुलाच्या घरी आली. आम्ही दोघी बहिणी खाली चटईवर, समोर मुलाची आई. मावशींनी डोळे मिटले आणि त्यांच्या त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "प्रभू, एका मुलीचं लग्न ठरलंय. तिला लहानपणापासून फिट येतात. तिला बरं कर, आणि तिच्या होणाऱ्या नवऱ्याला हिंमत दे."

अहो, मंडळीत त्या वर्षी ठरलेलं लग्न एकच होतं! सगळ्यांनी आमेन म्हटलं, मुलाच्या आईनं म्हटलं नाही. ती माझ्या बहिणीकडे बघत होती. बहिणीचे डोळे मात्र मिटलेलेच होते, कितीतरी वेळ. मला वाटलं, बिचारी शरमेनं उघडत नाहीये.

चौथ्या दिवशी निरोप आला, लग्न मोडलं.

त्यानंतरचा पहिला रविवार. ताट घेऊन मावशी आमच्या बाकापाशी आल्या. मी हात पुढे केला नाही. त्या थांबल्या. आणि भरल्या चर्चमध्ये, सगळ्यांना ऐकू जाईल असं मी म्हटलं, "यहूदाच्या हातून मी घेत नाही." यहूदा, म्हणजे प्रभूला पैशांसाठी पकडून देणारा त्याचाच शिष्य.

ताटातले पेले किणकिणले. मावशींनी ताट बहिणीपुढे धरलं. तिनं मान खाली घालून पेला उचलला. मला तिचाही संताप आला. जिच्यापायी मी भांडतेय तीच निमूट घेते म्हणजे काय!

तेव्हापासून सहा वर्षं माझ्या जिवाला स्वस्थता म्हणून नव्हती. दुसऱ्या चर्चमध्ये जायचं नव्हतं, मी का जाऊ? पुरुषांच्या बाजूला बसता येत नव्हतं. दर महिन्याला ताट माझ्यासमोर यायचं, मावशी क्षणभर थांबायच्या, मी समोरच्या भिंतीकडे बघायची, ताट पुढे जायचं. एकदाही त्यांनी थांबायचं सोडलं नाही. त्या थांबण्याचाच मला राग यायचा. एकदा तरी तोंड फिरवून जा ना बाई, म्हणजे माझं खरं ठरेल!

प्रभूच्या प्रार्थनेत क्षमेची ओळ आली की मी ओठ मिटून घ्यायची. बाकी सगळी म्हणायची. उत्तम शुक्रवारच्या आदल्या दिवशी पाळकसाहेब दरवर्षी उपदेशात सांगायचे, प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले, त्यांत यहूदाचेही धुतले. मी मनात म्हणायची, त्याला आधीपासून ठाऊक होतं. मला कुणी आधी सांगितलं असतं तर मीही धुतले असते. असले वाद मी देवाशी मशीनवर बसून घालायची, आणि शिवण वाकडी गेली की उसवत बसायची.

खरं सांगायचं तर आणखी एक गोष्ट टोचत होती. फसवत तर मी होते. त्या मुलाला, त्याच्या आईला. दगा दगा म्हणून मी ओरडत होते, पण पहिला दगा माझ्याच पदरात होता. हे मला कळायचं, आणि कळलं की जास्तच चिडायची.

दोन वर्षांनी बहिणीचं लग्न झालं. नवरा उल्हासनगरला चार नंबर कॅम्पात एका डॉक्टरकडे कंपाउंडर. पहिल्याच भेटीत तिनं स्वतः त्याला फिटचं सांगितलं, मला न विचारता. तो म्हणाला, "गोळ्यांचं मी बघतो, तुम्ही स्वयंपाकाचं बघा." संसार चांगला चालला. मग माझा राग कशासाठी होता? मला विचारलं असतं तर मी उत्तर दिलं नसतं, अंगावर धावून गेले असते.

मग एका पहिल्या रविवारी मावशी आल्याच नाहीत. गुडघे आखडले होते, अंथरूण धरलं होतं. ताट दुसऱ्याच बाईनं फिरवलं. माझ्यापुढे आलं आणि मी पेला उचलला. सहा वर्षांनी. इतकं सोपं होतं ते! शेजारी बहीण बसली होती. ती हमसाहमशी रडायला लागली.

मी तिला घरी आणलं, पाणी दिलं. ती म्हणाली, "ताई, विषय मी दिला होता."

मला कळलंच नाही. "कसला विषय?"

"माझा. फिटचा. तू त्याला सांगू देत नव्हतीस, आणि फसवून मला लग्न करायचं नव्हतं. तुझ्यासमोर बोलायची छाती नव्हती. मीच मावशींना म्हटलं, त्यांच्या घरी प्रार्थना आहे, तिथे ठेवा. त्या आधी नको म्हणाल्या. मी पाया पडले."

"आणि सहा वर्षं तू तोंड शिवून बसलीस?"

"वाटलं, दोन दिवस चिडशील. मग तू चर्चमध्ये ते बोललीस. मी मावशींकडे धावत गेले, ताईला सगळं सांगते म्हटलं. त्या म्हणाल्या, आत्ता नको, आत्ता तिला तुझ्याशिवाय कोण आहे, तुमचं घर फुटेल. तिचा राग मी सोसते. राग निवला की तू सांग."

"मग?"

"तुझा राग निवलाच नाही गं ताई."

मी तिला हाकलून दिलं. खोटं कशाला बोलू? पोटच्या पोरीसारखी वाढवलेली बहीण, तिला म्हटलं, चालती हो, तोंड दाखवू नकोस. ती गेली, आणि तिचं अर्धं प्यालेलं पाणी फुलपात्रात तसंच राहिलं. पुढचे पंधरा दिवस मी कारखान्यात किती सुया तोडल्या! म्हणजे मी ज्या बाईला भर चर्चमध्ये यहूदा म्हटलं, तिनं फक्त नेम पाळला होता. विषय देणाऱ्याचं नाव सांगायचं नाही. दर महिन्याला ताट धरून त्या माझ्यापुढे थांबत होत्या, आणि एक शब्द बोलल्या असत्या तर माझी मान खाली गेली असती. त्या बोलल्या नाहीत. आणि हिनं, माझ्या सख्ख्या बहिणीनं, माझ्याशेजारी बसून ते सगळं बघितलं. आता हिला मी क्षमा करायची? एक क्षमा सहा वर्षांत जमली नाही, ती चुकीच्या माणसावर अडून बसले होते म्हणून. आता खऱ्या माणसाची पाळी आली, तर तीही जमेना.

दोन रविवारांनंतर उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी विचारलं, "बेलवलीला मावशींना प्रभुभोजन द्यायला जातोय. ताट धरायला कोण येतं?" बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मी उभी राहिले. सगळ्या माना वळल्या. वळू देत.

मावशींची खोली तशीच होती, स्वच्छ. खाटेवर त्या मात्र एवढ्याशा झाल्या होत्या. मला दारात बघून त्यांनी पदर डोक्यावर ओढला. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, भाकरीचा तुकडा त्यांच्या हातावर ठेवला. मग माझी पाळी. मी ताट त्यांच्यापुढे धरलं आणि माझे हात लटलट कापायला लागले. ताटात एकच पेला होता, म्हणून किणकिणायला काही नव्हतं. माझ्या हातून त्या घेतील का? का घ्यावा त्यांनी? मी जे केलं तेच त्यांनी करावं, मान भिंतीकडे फिरवावी, असं मला वाटत होतं, आणि त्याचीच भीतीही वाटत होती.

त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग बोळकं पसरून हसल्या.

"दे की गं. तू काय यहूदा आहेस?"

मी तिथेच खाटेपाशी बसले. रडूच फुटलं. "मावशी, मला तिनं सगळं सांगितलं. मला माफ करा."

"ते कधीच झालं. डोळे पूस, रस सांडेल." त्यांनी पेला हातात घेतला, ओठांपर्यंत नेला आणि थांबल्या. अगदी तशाच, जशा माझ्यापुढे दर महिन्याला थांबायच्या. "धाकटी कुठाय? तिला नाही आणलंस?"

मी पदरानं डोळे पुसत राहिले.

"बोलत नाहीस तिच्याशी?"

मी मान हलवली.

मावशींनी भाकरीचा तुकडा रुमालावर ठेवला, पेला उशाशी ट्रंकेवर ठेवला आणि पदरानं हात पुसले. "मग तुमचं असं तुटलेलं असताना मी कशी घेऊ? जा, तिला घेऊन ये. पाळकसाहेब, तुम्ही चहा घ्या तोवर. स्टोव्ह तिथे आहे."

"मावशी, उल्हासनगरहून यायचं म्हणजे किती वेळ लागेल..."

"मी सहा वर्षं थांबले," त्या म्हणाल्या. "बसते अजून थोडी."

मी उठले आणि चालायला लागले, चालता चालता धावायला. स्टेशन, गाडी, मग रिक्षा. रिक्षावाल्याला म्हटलं, "चार नंबर, जल्दी चलो." तो म्हणाला, "कोई बीमार है क्या?" मी म्हटलं, "हां." वाटभर मी ठरवत होते की तिला काय काय सुनवायचं. खूप होतं सुनवायचं. रिक्षा थांबली तरी यादी संपली नव्हती.

दार बहिणीनंच उघडलं. मला बघून ती दोन पावलं मागे सरली, लहानपणी मार चुकवायला सरायची तशी. ते बघितलं आणि त्या यादीतलं एक अक्षर मला आठवेना.

"चल, चप्पल घाल," मी म्हटलं. "मावशींनी पेला भरून ठेवलाय. आपल्याशिवाय घेत नाहीत."