धुतलेली गाडी

त्यानं स्टॅम्पपॅड माझ्यापुढं सरकवलं. माझ्याकडं बघितलंबी नाही. मोबाइलवर बोलत बोलत डाव्या हातानं सरकवलं आणि नुसता अंगठा हलवून दाखवला. इथं लाव.

विम्याच्या हापिसातला साहेब. माझ्या धाकट्या पोराच्या वयाचा. मी पासष्टी पार केलेला. समोर खुर्ची रिकामी होती, पण बस म्हणाला नाही. मी उभाच.

कशावर अंगठा मागत होता ते सांगायचं तर आधी गाडीचं सांगावं लागंल.

सारी उमर मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माग चालवला. टॉवेल विणले. मागाच्या खडखडाटानं कान गेले, उभं राहून गुडघे गेले. काम सुटलं तेव्हा हातात आलं त्यातनं जुनी सात शिटांची गाडी घेतली. परमिट, पिवळी पाटी, विमा, सगळं सरळ. आमच्या वळसंगच्या बायका कारखान्याला सोडायच्या, बाळंतिणी दवाखान्याला न्यायच्या. आमच्या वस्तीतली ती पहिली चारचाकी.

वस्ती ओढ्याला लागून. वरची जागा गावानं स्वतःला ठेवली, खालची आमच्या आज्याला दिली. यंदा भादव्यात पाऊस उघडंचना. ओढा दारात आला. लेकरंबाळं घेऊन आम्ही शाळेत गेलो, गाडी राहिली. दोन दिवस तिचं नुसतं टप दिसत होतं. लाइट गेलेली, मोबाइल बंद पडलेले. फोटो कोण काढणार?

पाणी उतरल्यावर विम्यावाल्यांना फोन लावून कळवलं. म्हणाले, सर्व्हेअर येऊन गाडी बघंल.

आता चूक सांगतो. चूक माझीच. सर्व्हेअर येणार म्हणून मी गाडी धुतली.

कारखान्यात तीच रीत होती. मालक बघायला येणार म्हटलं की आधी माग पुसायचा, कापसाचं तूस झाडायचं. मळका माग दिसला तर शिव्या. घरातबी तेच. बाहेरचं माणूस येणार म्हटलं की आई आधी अंगण सारवायची. कुणी आमच्याकडं बोट दाखवू नये म्हणून. मी, माझी म्हातारी बायको आणि सून, तिघांनी दोन दिवस गाडी घासली. शिटा काढून पत्र्यावर वाळवल्या, परत बसवल्या. टपाला गाळाची रेघ लागली होती. ती निघंना. म्हातारीनं राखेनं घासून काढली. मी म्हटलं, आता कसं!

सर्व्हेअर आला तो वरच्या रस्त्यावरच थांबला. खाली चिखल हाय, बूट भरतील म्हणाला. चौघांनी ढकलत गाडी वर नेली. त्यानं दाराला हात लावला नाही. भोवतीनं एक चक्कर मारली, दोन फोटो काढले आणि हसला.

"बाबा, ही गाडी बुडाली होती? ही तर नवरीसारखी नटलीय. तुमच्या लोकांत एवढी स्वच्छता कधीपासनं आली?"

सून माझ्या मागं उभी होती. तिनं खाली बघितलं.

ते बोलणं अजून सलतंय. मळकट दिसलो तर घाणेरडे. धुऊन उभे राहिलो तर खोटारडे. मग आम्ही दिसावं तरी कसं?

महिन्यानं हापिसात बोलावलं. तो हा साहेब. फोन ठेवून म्हणाला,

"आमच्या माणसाचा रिपोर्ट आलाय. गाडीवर पाण्याची खूण नाही. क्लेम खोटा आहे तुझा. मागं घे, विषय संपला. नाहीतर फसवणुकीची केस करू. लाव अंगठा."

खोटा. मला. मागावर एक धागा तुटला तरी मी माग थांबवून गाठ मारायचो, तसाच पुढं कधी ढकलला नाही.

मी स्टॅम्पपॅड त्याच्याकडं परत सरकवलं.

"सही येती मला. वाचायबी येतंय. कागद द्या हिकडं."

तिसरीपर्यंत शिकलेला मी. बोट ठेवून वाचायला लागलो, मोठ्यानं. "मी… स्व-खु-शी-नं…" टायपिंगची बाई तोंडाला पदर लावून हसली.

"अरे बाबा, संध्याकाळ करशील."

"हू दे की. दोन दिस शाळंच्या फरशीवर काढल्यात. हितं तर पंखा हाय."

शेवटपर्यंत वाचलं. मग कागदाची घडी केली आणि खिशात घातली.

"ए, कागद ठेव तो!"

"ह्यात नाव माझं हाय. म्हंजे कागद माझा हाय."

शिपाई दारात आडवा आला. मी त्याच्या डोळ्यांत बघितलं. तो बाजूला झाला.

दुसऱ्या दिवशी वस्तीवर मेस्त्री आणला. त्यानं मागच्या दाराचं आतलं कव्हर खोललं. आत वीतभर गाळ. वाळून दगड झालेला. त्यात ओढ्यातला बारका खेकडा, मेलेला, नांग्या तशाच. आम्ही वरवर धुतलं होतं, तिथं आमचा हातच पोचला नव्हता. त्या सर्व्हेअरचाबी.

"मामा, साफ करू?"

"हात लावू नगं. हाय तसं बंद कर."

म्हातारी म्हणाली, "अवो, दुरुस्त करून घ्या. गंजून भुगा हुईल की तिचा. मग खायाचं काय?"

"हू दे भुगा. पर मी खोटा न्हाय."

ती तणतणत चुलीकडं गेली. सांजच्याला तिनंच ताडपत्री आणून गाडीवर टाकली आणि चाकाखाली धोंडा लावला.

सोलापूरला ग्राहक आयोगात अर्ज दिलाय. वकील नाही. माझ्या हातानं लिहिलाय, वेलांट्या चुकल्या असतील. तारीख लागू दे. दुसऱ्या गाडीला टोचन लावून, ओढत, गाडी आयोगाच्या दारात आणणार. साहेबाला बोलवा म्हणणार, सर्व्हेअरलाबी बोलवा. दाराचं कव्हर मी खोलणार नाही. त्यांनी खोलायचं. बाह्या वर करून, चारचौघांदेखत, त्या गाळात त्यांनी स्वतः हात घालायचा.

पैसे मिळोत न मिळोत. मला त्यांचे हात बघायचेत.