चेहऱ्याला ब्रश लावायचा नाही

दातिवऱ्याच्या आमच्या घरात देव्हाऱ्याच्या वर, पार आढ्यापर्यंत, फुटलेल्या होडीची एक लांब फळी उभी ठोकलेली आहे. तिच्यावर देवी रंगवलेली. माझा बा सांगायचा, "माज्या आजानं काडलेली हाय." गाव म्हणायचं, कसला आजा नि कसलं काय, जत्रेतून आणली असेल! बा होडीवाला माणूस, कोणाचं ऐकून घेणारा नव्हे. पण या टोमण्यावर मात्र तो मान खाली घालायचा आणि माझं डोकं फिरायचं.

आमची रीत अशी, की नारळी पुनवेआधी होडी रंगवायला घेतली की पहिला ब्रश होडीला नाही, देवीच्या पदराला. दरवर्षी. त्यामुळे पदरावर ऑइलपेंटचे थर चढलेले, निळ्यावर हिरवा, हिरव्यावर पांढरा. चेहऱ्याला मात्र ब्रश लावायचा नाही. तो आजाच्या हातचा, तसाच राहायचा.

मी बोईसरला रंगाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत आहे. आमच्याकडे एक हातात धरायचं यंत्र आहे. रंगाजवळ नेऊन क्ष-किरण सोडायचे. रंगातला प्रत्येक धातू आपली ओळख पडद्यावर देतो. ओरखडा नाही की टवका नाही. पांढऱ्यात टायटॅनियम निघाला तर रंग अलीकडचा, नुसतं शिसं निघालं तर जुना सफेदा. लालात पारा म्हणजे हिंगूळ, जुन्या काळचा लाल. शहरातल्या एका संग्रहालयाची माणसं असंच यंत्र घेऊन किनाऱ्यावरची जुनी चित्रं तपासत होती. बाला हे सांगितलं तेव्हा तो उठूनच बसला. "बोलव त्यांना. एकदाचा कळू दे गावाला, कोनाच्या हातची हाय ती."

आले. आधी जेवले. आईने पापलेटं तळली होती, त्यांची तोंडभरून स्तुती झाली. मग त्यांच्यातल्या मोठ्या साहेबांनी खालूनच हात उंच करून पदरावर यंत्र धरलं. मी म्हटलं, "सर, पदर आम्ही दरवर्षी रंगवतो. चेहरा तपासा. थांबा, मी शिडी आणते." ते हसले. "मॅडम, एवढं पुरेसं आहे." मी पुन्हा सांगितलं. त्यांनी घड्याळ बघितलं. मेल्यांना दुसरं पापलेट मागायला वेळ होता, चार पायऱ्या चढायला नव्हता.

पुढे संग्रहालयातून फोन आला. बानेच उचलला. रंग आधुनिक आहे, चित्र जुनं नाही, बस्स. मी त्याला ओरडून सांगत होते, बा, त्यांनी पदर बघितला, चेहरा बघितलाच नाही! पण आता साहेब बोलला होता, मशीन बोललं होतं. घरच्या कोंबडीला कोण विचारतो? बा नुसता म्हणाला, "मंग गाव खोटा नाय बोलत."

मी कारखान्यातल्या माझ्या साहेबांच्या मागे लागले. सुट्टीच्या दिवसापुरतं यंत्र मिळालं तोवर पुनव तोंडावर आली होती. घरी पोचले तर रंगाचा वास. वर देवीकडे बघितलं. चेहरा पांढराशुभ्र, वर नवे काळेभोर डोळे, लाल ओठ.

"हे काय केलंस, बा?"

"नवीच हाय ना ती? मंग चेहरा कशाला सोडायचा?"

मी शिडी लावली. यंत्र गालाशी धरलं. टायटॅनियम आला, तो येणारच होता. पण नवा थर पातळ, किरण त्यातून खालपर्यंत पोचले आणि त्याच्याबरोबर शिसं आलं. ओठांवर पारा आला, आणि आजच्या डब्यातल्या लालात पारा नसतो. पदरावर धरलं, तिथे पाऱ्याचा मागमूस नाही. खाली उतरले आणि सांगितलं, "सफेदा आहे. हिंगूळ आहे. जुनीच आहे ती, बा. चेहरा आहे खाली, पण तुझ्या रंगाखाली."

"पुसता येल?"

आजाने रंग तेलातच कालवला होता. वरचा उतरवायला जावं तर खालचाही उतरणार. मी नाही म्हणून मान हलवली.

बाने शिडीच्या पायरीवर हात ठेवला. मग म्हणाला, "तू बोललेलीस चेहरा बघा म्हनून. जो शिडी नाय चढला, त्याचा मी ऐकला."

पुढच्या वर्षी आमच्या घरात पहिला ब्रश होडीला लागला, देवीला नाही.