अक्काची पत्र्याची पेटी

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदेडात न्हाव्याच्या खुर्चीत होतो, अर्धी दाढी उरकलेली. तसाच उठलो. जमलेल्यांना वाटलं, भावानं दुःखात दाढी सोडली... ती एका गालापुरतीच का, हे कोणी विचारलं नाही. दीड महिना झाला आता.

अक्का माझी चुलत बहीण. आम्ही मूळ निलंग्याचे. ती इथंच नांदेडात सरकारी दवाखान्यात नर्स होती. निवृत्त झाल्यावर गावाबाहेरच्या वीटभट्टीवरच्या पोरांना दर रविवारी बुद्धविहाराच्या मागच्या खोलीत शिकवायची. तिचा एक नियम होता. घरात ज्या वस्तूनं मार बसतो, ती पोरानं गुपचूप उचलून आणायची. अक्का तिच्यावर चिकटपट्टी लावून पोराचं नाव लिहायची आणि पत्र्याच्या पेटीत टाकायची. लाटणं, वायरचा तुकडा, सायकलची चेन, रबरी नळी... एकदा तर उलथनं, त्याला अजून पिठलं चिकटलेलं. त्या पोरानं होय म्हटलं तरच वस्तू परत. आणि शिकवताना अक्का बसायची ती त्याच पेटीवर.

तीन वर्षांपूर्वी माझी मुलगी मीनल नववीत गणितात नापास झाली. मी तिला थोडंफार समजावून सांगितलं. तेवढ्यानं भागेना, म्हणून म्हटलं, "चल अक्काकडं. त्या लेकरांचे हाल बघ, म्हणजे कळंल तुला काय काय मिळालंय ते." सोबत दोन डझन केळी घेतली. हातात वाटायला काही असलं की माझा उपदेश जास्त रंगतो.

मी केळी वाटायला लागलो आणि एक बाप दारात उभा राहिला. त्याची सात-आठ वर्षांची लेक अक्काच्या पदराआड सरकली. तिच्या मानेवरचे वळ अजून ओले होते.

"ए बाई, माझी चेन दे."

"पेटीत हाय."

"लेक माझी हाय. मारीन न्हाईतर कापीन. तू कोन?"

"पेटीवर मी बसलेय न्हवं? आधी मला मार."

त्यानं अर्धी वीट हाणली, कानशिलावर. पांढरी साडी खांद्यापासून लाल होत गेली, पण अक्का उठली नाही. त्यानं पुन्हा हात उगारला तशी ती पोर त्याच्या मनगटाला दातांनी लटकली. त्यानं तिला झटकून भिंतीवर फेकलं. भट्टीवरचे गडी धावत आले, तेव्हा कुठं तो आवरला. आणि मी? मी दाराआड, केळी छातीशी इतकी घट्ट धरून की त्यांचा लगदा झाला. अक्का कानावर पदर दाबून म्हणाली, "बाळू, ऱ्हायलेली केळी वाट की रे. लेकरं वाट बघून ऱ्हायलीत."

सात टाके पडले. डावा कान कायमचा गेला.

परतताना स्कूटरवर मी म्हणालो, "बघितलंस? असा बाप तुझ्या वाट्याला आला असता तर? जाणीव ठेव." आपल्या सुखी घराच्या विचारानं माझेच डोळे भरून आले होते.  पुढच्या रविवारपासून मीनल एकटीच जायला लागली. मी कचेरीत सांगत सुटलो, संस्कार असे करावे लागतात!

त्याच सुमारास माझा तपकिरी पट्टा हरवला. मी धोब्याशी भांडलो. नवा घेऊ म्हटलं तर बायको म्हणाली, "पोट काय कमी हाय का पँट धरायला?"

अक्काच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमानंतर पेटी आमच्याकडे आली. उघडली. तळाशी माझा पट्टा. त्यावर अक्काच्या अक्षरात, मीनल.

'समजावून सांगितलं' असं वर लिहिलं ना, ते ह्यानं. बक्कलाच्या बाजूनं. तिच्या दंडावर खूण आहे. भर उन्हाळ्यात ती लांब बाह्या घालते, आणि मी तिच्या साधेपणाचं कौतुक करत आलो. अक्काला हे तीन वर्षं ठाऊक होतं. तरी ती मला चहा देत राहिली, उजवा कान पुढं करून माझ्या गप्पा ऐकत राहिली...

"आत्या काही म्हणायची?" मी मीनलला विचारलं.

"अधूनमधून विचारायची, बाबाला परत द्यायचा का?"

"मग?"

"मी नाही म्हणायचे."

आता पेटी परत विहारात नेऊन रविवारी मीनल शिकवते. परवा मीही गेलो. ती पेटीवर बसली होती, अक्कासारखीच पाय जुळवून. मी दारात उभा राहिलो. सगळी पोरं माझ्या हातांकडे बघायला लागली.

"काय पाहिजे, बाबा?" मीनल जागची हलली नाही.

मी पिशवी उघडून दाखवली. केळी होती.